माळावरचं गवत मोजायचं कसं: उपग्रहाचा पिक्सेल आणि विळ्याखालचं गवत

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे भागातली माळरानं कागदोपत्री अनेकदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असतात. तिथे किती गवत उभं आहे हे हेक्टरी किलोत सांगता आलं, तर चराई, आग, लांडगे, चिंकारा, माळढोक या सगळ्यांवर नेमकेपणाने बोलता येतं. पण नुसत्या उपग्रहचित्रातून किलो कळत नाहीत. त्याला दिसतो तो परावर्तित प्रकाश. उलट विळ्याने कापलेलं गवत पाव चौरस मीटरचं खरं सांगतं, आख्ख्या माळाचं नाही. दोन्ही जोडायचे, तर ते एकाच जागेचे आणि एकाच आठवड्याचे हवेत. बहुतेक कामं संगणकावर बिघडत नाहीत, ती या जोडणीत बिघडतात.

वेळ आधी ठरवा

माळावरचं गवत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरात असतं. शेडा, पवन्या, डोंगरी, कुसळी या काळात पूर्ण उंचीला आलेली असतात आणि ढगही विरळ होऊ लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्वच्छ चित्र मिळणं कठीण. नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं. मग वजन तेवढंच असूनही हिरवेपणाचा निर्देशांक कोसळतो.

सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह दर ५ दिवसांनी येतो आणि आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्याच्या तारखा आधीच काढून ठेवा आणि कापणी त्या तारखेच्या मागेपुढे ५ दिवसांत उरका. जोरात वाढ चालू असेल तर ३ दिवसांत. या मधल्या दिवसांत मेंढ्यांचा कळप प्लॉटवरून, म्हणजे कापणीसाठी निवडलेल्या जागेवरून, चरून गेला, तर तो प्लॉट सोडून द्यावा लागतो. म्हणून मेंढ्यांचा वाडा (मुक्काम) कुठे बसलाय आणि पुढे कुठे हलणार आहे, हे त्या भागातल्या धनगरांना विचारूनच दिवस ठरवा. अभयारण्यात किंवा वनजमिनीवर गवत कापायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, त्यासाठी पुरेसा अवधी धरा.

प्लॉट घरी बसून निवडा

माळावर जाऊन ‘इथे छान गवत आहे’ म्हणून जागा निवडली, की नकाशा हमखास जास्त गवत दाखवणार. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये माळाचे आधी तीन-चार भाग पाडा: उथळ मुरमाड माथा, उतार, खोल मातीचा सखल भाग, आणि चराईबंद क्षेत्र असेल तर तेही. प्रत्येक भागात यादृच्छिक बिंदू टाका. एकूण ३० प्लॉट ही कामचलाऊ सुरुवात आहे, ४०-५० जमले तर उत्तम. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, वेडी बाभूळ यांची झाडं ज्या पिक्सेलमध्ये (चित्रातल्या चौकोनी ठिपक्यात) आहेत ते आधीच वगळा. झाडाचा हिरवेपणा गवताच्या खात्यात जमा झाला की आकडा फुगतो.

नकाशाची प्रणाली यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी) ४३ उत्तर ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, ती ४४ उत्तर होते. सेंटिनेल-२ च्या १० मीटर पिक्सेलचे कोपरे यूटीएममध्ये दहाच्या पटीत येतात, त्यामुळे मध्यबिंदूचा आकडा नेहमी ५ वर संपतो. आपले बिंदू तसे सरकवून घ्या. प्लॉट मग त्या बिंदूभोवतीचे ३×३ पिक्सेल, म्हणजे ३०×३० मीटर. एकाच पिक्सेलवर भिस्त ठेवू नका: चित्र स्वतः काही मीटर इकडेतिकडे असतं आणि मोबाइलचं जीपीएसही. प्लॉटच्या भोवतीचं गवत निदान ६० मीटरपर्यंत सारखं असावं. रस्ता, बांध, नाला, चर जवळ असेल तर पुढचा बिंदू घ्या.

सोबत काय न्यायचं

अर्धा इंची पीव्हीसी पाइपची ०.५×०.५ मीटर चौकट हवी. तिची एक बाजू उघडी ठेवा, म्हणजे उंच गवतात ती मुळाशी सरकवता येते. वरून ठेवलेली बंद चौकट गवत आडवं पाडते आणि बाहेरच्या काड्या आत ओढते. मापं आतून घ्या. बाकी विळा, कात्री, ३० मीटर टेप, होकायंत्र, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, कागदी पिशव्या, मार्कर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गवत घाम सोडतं, कुजू लागतं आणि वजन घटतं. पायांना जाड कापडाचे पट्टे बांधा. कुसळीची कुसळं मोजे भेदून कातडीत शिरतात, आणि घाईत केलेली मोजणी चुकते.

प्लॉटवर

मध्यबिंदूवर मोबाइल ५ मिनिटं स्थिर ठेवून जीपीएसची सरासरी घ्या. अक्षांश-रेखांश दशांशातच लिहा. १७ अंश ४५ मिनिटं म्हणजे १७.७५. ते कुणी १७.४५ लिहिलं, तर प्लॉट नकाशावर ३३ किलोमीटर दक्षिणेला जातो.

पहिली चौकट मध्यावर. उरलेल्या चार ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य दिशांना टेपवर १४ मीटरच्या खुणेवर, म्हणजे त्या कोपऱ्यातल्या पिक्सेलच्या मधोमध. टेप जिथे थांबेल तिथेच चौकट ठेवायची. खाली उघडा खडक आला तरी ती हलवू नका, वजन शून्य लिहा. उपग्रहालाही तो खडक दिसतोच. मात्र चौकट ठेवण्याआधी जमिनीवर नजर फिरवा: टिटवी, चंडोल यांची घरटी उघड्यावर असतात. घरटं दिसलं तर तो प्लॉटच सोडा.

कापण्याआधी वरून एक आणि चार दिशांना चार फोटो घ्या, उंची मोजा. मग जमिनीपासून १-२ सेंटीमीटरवर कापा. ही उंची सगळ्या प्लॉटवर, सगळ्या माणसांनी एकच ठेवायची. मुळं चौकटीच्या आत असतील तेवढंच गवत धरा, बाहेरून आत झुकलेलं नाही. गेल्या वर्षीचं करडं वाळलेलं गवत वेगळ्या पिशवीत भरा.

ओलं वजन तिथल्या तिथे, प्रत्येक चौकटीचं स्वतंत्र लिहा. मग पाचही एकत्र मिसळून २०० ग्रॅम नमुना वाळवायला न्या. ओव्हनमध्ये ६०-६५ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबा. पाच चौकटींचं ओलं वजन ८०० ग्रॅम आणि २०० ग्रॅमचे वाळून ८० झाले, तर सुकं प्रमाण ४० टक्के, म्हणजे ३२० ग्रॅम. क्षेत्र १.२५ चौरस मीटर, म्हणून चौरस मीटरला २५६ ग्रॅम. हेक्टरी किलोसाठी दहाने गुणा: २,५६०.

चित्राची तयारी

कोपर्निकस ब्राउझरवरून एल-२ए दर्जाची (हवेचा परिणाम काढलेली) चित्रं फुकट मिळतात. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या पट्ट्याच्या) आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा करून १०,००० ने भागल्यावर खरं परावर्तन मिळतं. हे विसरलं तर काय होतं बघा. लाल बँडचं परावर्तन ०.०६ आणि नजीकच्या अवरक्त बँडचं ०.३० असेल तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, ०.६७ येतो. वजाबाकी न करता १६०० आणि ४००० घेतले तर ०.४३. गवत तेच, निर्देशांक तिसऱ्या भागाहून जास्त घटला! गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घेतला, की ही वजाबाकी आधीच झालेली असते. तिथे पुन्हा करू नका.

एनडीव्हीआय म्हणजे बँड ८ (नजीकचा अवरक्त) वजा बँड ४ (लाल), भागिले त्यांची बेरीज. विरळ गवताच्या माळावर खालची माती निर्देशांकात डोकावते, तिथे मातीचा परिणाम कमी करणारा सॅव्ही हा निर्देशांक वापरून बघा: १.५ × (बँड ८ − बँड ४) ÷ (बँड ८ + बँड ४ + ०.५). यात परावर्तन ० ते १ मध्येच हवं. हजारांतले आकडे घातले तर त्या ०.५ ला काही अर्थच उरत नाही. पिवळ्या गवतासाठी लघुतरंग अवरक्ताचे बँड ११ आणि १२ उपयोगी पडतात, पण त्यांचे पिक्सेल २० मीटरचे असतात.

ढगांसाठी एससीएल थरातले (चित्रासोबत येणारा, प्रत्येक पिक्सेलवर ढग, सावली की जमीन हे सांगणारा थर) ३, ८, ९, १० हे वर्ग काढून टाका. तरीही प्रत्येक प्लॉट नैसर्गिक रंगात डोळ्यांनी बघाच. विरळ ढग आणि सावलीच्या कडा त्या थरातून निसटतात.

जोडणी

प्रत्येक प्लॉटच्या नऊ पिक्सेलची सरासरी आणि सुकं वजन एका तक्त्यात आणा, आणि सगळ्यात आधी आलेख काढा. ठिपके रेषेपासून फार दूर असतील तर फोटो आणि वहीतली नोंद उघडा. चराई, ढगाची सावली, चुकीचा जीपीएस, कारण बहुधा तिथेच सापडतं. कारण न सापडता ठिपका खोडू नका. साध्या समाश्रयणापासून, म्हणजे ठिपक्यांमधून सरळ रेषा बसवण्यापासून, सुरुवात करा. दाट गवतात एनडीव्हीआय वर जाऊन थबकतो, तेव्हा वजनाचा लॉग घेऊन बघा किंवा लाल आणि अवरक्ताच्या मधला बँड ५ जोडा. ३० प्लॉटवर रँडम फॉरेस्ट हे गुंतागुंतीचं संगणकी प्रारूप चालवलं तर ते प्लॉट पाठ करतं, माळ शिकत नाही.

पडताळणी करताना शेजारशेजारचे प्लॉट एकमेकांसारखे असतात हे धरून चाला. एक आख्खा माळ बाजूला ठेवून उरलेल्यांवर समीकरण बसवा, मग त्या माळाचा अंदाज तपासा. असं आळीपाळीने प्रत्येक माळासाठी करा. चूक हेक्टरी किलोतच सांगा. मोजणीत सर्वांत जास्त ३,००० किलो आले असतील आणि नकाशा कुठे ५,००० दाखवत असेल, तर तो भाग वेगळ्या रंगात ठेवा. तिथे समीकरण आपल्या अनुभवाबाहेर बोलतंय.

पाऊस बदलला की गवतातलं पाणी आणि हिरव्या-वाळल्याचं प्रमाणही बदलतं, म्हणून गेल्या वर्षीचं समीकरण यंदाच्या चित्रावर तसंच चालवू नका. निदान १०-१२ प्लॉट पुन्हा कापा. प्लॉट तेच चालतील, पण चौकट दरवेळी मीटरभर सरकवा: एकदा कापलेल्या जागी गवत वेगळं फुटतं.