आधी फोकस कुठे ते ठरवा, मग अ‍ॅपर्चर

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड टिपायला येणारी बरीच मुलं एकच करतात. समोर भाताची लोंबी, मागे गड, दोन्ही शार्प हवेत म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, थेट एफ २२ (आकडा मोठा, भोक बारीक). घरी फोटो मोठा करून बघावं तर लोंबीही मऊ, गडही मऊ. मग नवी लेन्स घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. कृपा करून घेऊ नका, लेन्स चांगली आहे.

अ‍ॅपर्चर बारीक केलं की जवळून लांबपर्यंतचा शार्प पट्टा वाढतो, हे खरंच. पण भोक फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. एफ ८ ला तो साधारण ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ २२ ला जवळजवळ ३०. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास असतो, तेव्हा बारीक तपशील कुठे जातो ते दिसतंच. मी एफ ११ पर्यंत बिनधास्त जातो. एफ १६ अगदी नाइलाज असेल तर.

खरं काम फोकसच्या अंतराचं आहे. अशा कॅमेऱ्यावर लेन्स १८ मिमीला, अ‍ॅपर्चर एफ ८ ला लावा आणि २ मीटरवर फोकस करा: १ मीटरपासून गडापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. फोकसच्या या २ मीटरलाच हायपरफोकल अंतर म्हणतात. फोकस गडावरच केलात तर शार्पपणा २ मीटरपुढे सुरू होतो, म्हणजे समोरची लोंबी गेली.

पण ‘चालण्याजोगं’ हे मोबाइलवर बघायला. शिवजयंतीच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा असेल तर एफ ११ करा आणि फोकस ३ मीटरवर न्या. जवळची हद्द १ मीटरच राहते, गडाचा धूसरपणा मात्र निम्म्यावर येतो. लोंबी अर्ध्या मीटरवर असेल तर सरळ दोन पावलं मागे सरका. दोन वेगळ्या फोकसचे फोटो जोडता येतात, पण वाऱ्यात भात हलतं आणि जोड दिसतो.

लग्नात गणित उलटं. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिमी, एफ १.८ ला १ मीटरवरून शार्प पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटर. नवरीने मान जराशी वळवली की एक डोळा शार्प, दुसरा गेला. २ मीटरवर तो ११-१२ सेंटीमीटर, ४ मीटरवर ४५ च्या वर: अंतर दुप्पट, पट्टा चौपट. नवरा-नवरी मागेपुढे उभे असतील आणि कार्यालयात उजेड कमी असेल, तर अ‍ॅपर्चर बारीक करून आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवण्याआधी २ मीटरवरून ३ मीटरवर जा. एफ १.८ वरच साधारण २५ सेंटीमीटर मिळतात, जे २ मीटरवर मिळवायला एफ ४ लागलं असतं. नंतर क्रॉप केलात तर यातला काही फायदा जातो, म्हणून चौकट तिथेच नीट लावा.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात छताचं दगडी कमळ काढताना मात्र अ‍ॅपर्चरशी झगडू नका. कमळाच्या बरोबर खाली उभे राहा, कॅमेरा सरळ वर धरा. तिरका धरलात की एक कड जवळ येते, दुसरी लांब जाते, आणि मग एफ ११ सुद्धा पुरत नाही. सरळ धरलात तर वाइड लेन्सला एफ ५.६ पुष्कळ होतं.