बँकॉकमध्ये विहारदर्शन आणि बाजारहाट: क्रम कसा लावावा

बँकॉकला सकाळ विहारांना द्या आणि पिशव्या दुपारनंतर भरा. उलटं केलं की दोन्ही फसतं. राजवाड्याची (ग्रँड पॅलेसची) तिकीट खिडकी दुपारी साडेतीनला बंद होते, आणि सामान हातात असलं की दर विहाराच्या दारात चपला काढायची, पायऱ्या चढायची पंचाईत होते.

कपड्यांवरून राजवाड्याच्या फाटकातच अडवतात. खांदे आणि गुडघे पूर्ण झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यावर नुसती ओढणी घेतलेली तिथे चालेलच असं नाही. सलवार-कमीज किंवा बाह्यांचा सदरा आणि पूर्ण पँट घाला, चपला पटकन निघणाऱ्या ठेवा.

मेट्रोच्या निळ्या मार्गावर सनाम चाय स्टेशनला उतरा. राजवाडा साडेआठला उघडतो, परदेशी पाहुण्याला तिकीट ५०० बाथ. वाटेत कुणीतरी नीटनेटका माणूस सांगेल, ‘आज बंद आहे, चला दुसरं मंदिर दाखवतो.’ त्याच्या टुकटुकमध्ये, म्हणजे तीनचाकी रिक्षात, बसू नका, ती रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते. थेट फाटकापर्यंत जा.

थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार. राजवाड्याच्या आतल्या वाट फ्रा केओमधली हिरवी बुद्धमूर्ती लहान आहे आणि उंचावर आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो. इथे फोटो काढायला मनाई आहे. बसताना पाय मागे दुमडून घ्या, तळवे मूर्तीकडे करू नका. वंदना म्हणायची तर हळू आवाजात म्हणा. आपल्या बुद्धवंदनेतलं ‘नमो तस्स भगवतो’ तिथेही तेच आहे, कारण भारतातल्या आणि थायलंडमधल्या बौद्धांची वंदनेची पाली भाषा एकच. उच्चार मात्र थाई वळणाचा ऐकू येईल.

तिथून चालत वाट फो. शयनमुद्रेतली मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. बहुतेक जण चेहऱ्याचा फोटो काढून निघतात, पण खरं काम तळपायांवर आहे. काळ्या पृष्ठभागावर शिंपल्याच्या जडणकामात १०८ मंगलचिन्हं कोरली आहेत. थोडं बाजूला सरकून तिरप्या उजेडात पाहा, शिंपल्याचा रंग बदलत जातो. मूर्तीच्या पाठीमागे १०८ कांस्यपात्रांची रांग आहे. सुटी नाणी घेऊन प्रत्येकात एक टाकत जायचं. शेवटच्या पात्रापर्यंत पुरतील इतकी आधीच घ्या. वाट अरुणला जायचं असेल तर जवळच्या था तियेन धक्क्यावरून नाव मिळते.

आता बाजार. मेट्रोने पुढच्याच साम योत स्टेशनला उतरा. वाट सुथातच्या बाजूचा बामरुंग मुएआंग रस्ता म्हणजे धम्मवस्तूंचा बाजार: चीवर (भिक्षूंचं वस्त्र), भिक्षापात्र, दुकानाबाहेर मांडलेल्या मूर्ती. भंतेंना (बौद्ध भिक्षूंना) दान द्यायला भरलेल्या पिवळ्या बादल्या इथे मिळतात. बांधलेली बादली घेण्यापेक्षा साबण, औषधं, टॉवेल असं सुटं घेतलेलं बरं, कारण वरून दिसतं तेवढं आत नसतं आणि तारखाही वाचता येत नाहीत. जेवण द्यायचं तर दुपारी बाराच्या आत. बायकांनी वस्तू भंतेंच्या हातात न देता त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवावी.

मूर्ती घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. थायलंडबाहेर बुद्धमूर्ती न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, मूर्ती नवी असली तरीही. गळ्यात घालायच्या छोट्या ताईतांना लागत नाही. परवान्याला काही दिवस जातात, म्हणून खरेदी सहलीच्या पहिल्या दिवशी करा आणि पैसे देण्याआधी ‘परवाना तुम्ही काढून देता का?’ हे विचारा. नुसतं बुद्धमस्तक घेऊच नका. शोभेसाठी ठेवलेलं मस्तक तिथल्या उपासकांना मनापासून दुखावतं.

कपडे, पिशव्या, भेटवस्तूंसाठी चातुचाक. मुख्य बाजार शनिवार-रविवारच भरतो. त्याच निळ्या मार्गावरच्या काम्फेंग फेत स्टेशनच्या २ नंबरच्या दारातून थेट बाजारात निघता. एकूण २७ विभाग आहेत. ‘परत येताना घेऊ’ असं म्हटलेलं दुकान पुन्हा सापडत नाही, तेव्हा वर टांगलेल्या पाटीचा, म्हणजे विभाग, गल्ली आणि दुकान क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. चुकलात तर मधला घड्याळाचा मनोरा शोधा.

घासाघीस हसत करायची. ‘लोत दाय माय?’ म्हणजे कमी होईल का? एकाच दुकानातून तीन-चार नग घेतले की भाव लवकर उतरतो. प्रातुनाम भागातल्या प्लॅटिनम मॉलमध्येही असंच, तीन नगांपासून घाऊक भाव. पण तिथे बरेचदा कपडा घालून बघू देत नाहीत, म्हणून मोजपट्टी जवळ ठेवा आणि स्वतःच्या सदऱ्याची छाती नि लांबी आधीच मोजून लिहून न्या.

मॉलमध्ये व्हॅट (खरेदीवरचा कर) परताव्याची पाटी असलेल्या एका दुकानात एका दिवशी २,००० बाथांची खरेदी झाली, तर पासपोर्ट दाखवून परताव्याचा फॉर्म तिथेच भरून घ्या. विमानतळावर कस्टम्सचा शिक्का लागत असेल तर तो आधी, मगच चेक-इन. वस्तू बॅगेत वरच ठेवा, त्या दाखवायला सांगू शकतात.