उपग्रह कार्यक्रमाचा आढावा मांडायचाय? आधी गुंठ्यात मोजा

आमच्या पंचवटीतल्या अभ्यासगटात दरवर्षी डिसेंबरात एखादा राष्ट्रीय कार्यक्रम घेऊन त्याचा आढावा मांडायची पद्धत आहे. यंदा, म्हणजे २०२५ ला, पुन्हा भूनिरीक्षण उपग्रहांची पाळी आली. पुन्हा म्हणतो, कारण मागच्या खेपेला हा विषय मीच मांडला होता आणि मीच पाडला होता. चाळीस स्लाइड होत्या, त्यातल्या तीसेक रॉकेटच्या. शेवटच्या ओळीतून निफाडकडचे एक बागायतदार काका उठले आणि म्हणाले, "सर, हे सगळं भारी आहे, पण ह्यात माझा प्लॉट दिसतो का?" मी "हो, म्हणजे तसा दिसतो" असं काहीतरी पुटपुटलो आणि चहाची वेळ झाली म्हणून सुटलो. यंदा मांडणी दोघं तरुण करणार आहेत. त्यांच्यासाठी ही तयारीची यादी. दुसऱ्या कुणाला आपल्या गावात असा आढावा घ्यायचा असेल तर त्यांनाही चालेल.

सुरुवात वहीपासून करा, लॅपटॉप नंतर. आडव्या पानावर चार रकाने आखा: उपग्रह, तारीख, तो काय पाहतो, आणि त्याची शेवटची प्रतिमा कधीची मिळते. पहिले तीन अर्ध्या दुपारी भरून होतात. ७ जून १९७९ चा भास्कर-१ सोव्हिएत रॉकेटवरून गेला. १७ मार्च १९८८ चा आयआरएस-१ए बैकानूरहून गेला, आणि खऱ्या अर्थाने कामाची मालिका तिथून सुरू झाली. २८ डिसेंबर १९९५ चा आयआरएस-१सी त्या काळी नागरी वापरासाठी जगात सगळ्यांत बारीक पाहणारा मानला जायचा. मग १७ ऑक्टोबर २००३ चा रिसोर्ससॅट-१, ५ मे २००५ चा कार्टोसॅट-१, २७ नोव्हेंबर २०१९ चा कार्टोसॅट-३. ही जंत्री पाठ करून म्हणून दाखवू नका, लोक घड्याळ बघायला लागतात. चौथा रकाना मात्र भरायला वेळ लागेल, तो द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) केंद्राच्या 'भूनिधी' पोर्टलवर नाव नोंदवा, नाशिकचा चौकोन आखा आणि एकेका उपग्रहाची अगदी अलीकडची प्रतिमा कोणत्या तारखेची आहे ते उतरवून घ्या. कुठला उपग्रह अजून कामाला आहे आणि कुठला फक्त पुस्तकात उरलाय, हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या तारखा स्वच्छ सांगतात.

आता मुख्य काम. सगळे मीटरचे आकडे गुंठ्यात करून घ्या. हे मी मागच्या वेळी केलं असतं तर काकांना उत्तर मिळालं असतं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, किती गुंठ्यांचा होतो ते काढा. भास्करच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा, म्हणजे २४७ एकर एका ठिपक्यात. अख्खी शिवारं एका टिंबात. आयआरएस-१एच्या लिस-१ कॅमेऱ्याचा ७२.५ मीटर, म्हणजे ५२ गुंठे, एकरापेक्षा बारा गुंठे जास्त. त्याच उपग्रहावरच्या लिस-२ चा तेरा गुंठ्यांचा. रिसोर्ससॅटच्या एविफ्स कॅमेऱ्याचा ५६ मीटर, एकतीस गुंठे. त्यावरच्याच लिस-३ चा साडेतेवीस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे. आणि लिस-४ चा ५.८ मीटर: गुंठ्याचा तिसरा हिस्सा. कार्टोसॅट-३ चा कृष्णधवल कॅमेरा पाव मीटरचा, तिथे एका गुंठ्यात सोळाशेहून जास्त ठिपके बसतात.

हा तक्ता फळ्यावर लिहिला की सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आपापला हिशोब लगेच कळतो. वीस गुंठ्यांचा प्लॉट असेल तर लिस-३ मध्ये जेमतेम चार ठिपके, आणि ते चारही बांधावरचे: अर्धा द्राक्ष, अर्धा शेजारच्याचा टोमॅटो. लिस-४ मध्ये त्याच प्लॉटचे साठ ठिपके होतात, म्हणजे बागेचा कोपरा कुठे अशक्त आहे हे ओळखायला जागा आहे. पण इथेही थांबा. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर असतं आणि लिस-४ चा ठिपका एकोणीस फुटांचा. म्हणजे एका ठिपक्यात दोन ओळी आणि मधली माती एकत्र येते. ओळ स्वतंत्र दिसायची तर कार्टोसॅट हवा. आणि इथे धोरणाचा मुद्दा येतो, तो वगळू नका: २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार पाच मीटर आणि त्याहून जाड ठिपक्यांच्या प्रतिमा मोफत, खुल्या, त्याहून बारीक तशा नाहीत. म्हणजे लिस-४ फुकट आणि कार्टोसॅट नाही. बागायतदाराला फुकटात बाग दिसते, ओळ दिसत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, आणि मला ते देता आलं नाही.

प्रतिमा स्वतः उतरवून घ्या, इंटरनेटवरची तयार चित्रं चिकटवू नका. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. निफाड-पिंपळगाव पट्ट्याच्या निदान तीन तारखा घ्या: एक मार्चमधली, एक मेच्या शेवटची, एक ऑक्टोबरच्या मध्यातली. जवळच्या अवरक्त पट्ट्याला (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) लाल रंग दिला की जिवंत पान लालभडक दिसतं. हे का, ते आधीच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी हमखास विचारणार की शेताला आग लागलीय का. निरोगी पान डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त परत फेकतं, इतकं पुरे. जमलं तर प्राध्यापक पिशारोटींची गोष्ट सांगा: आपल्या देशातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात १९७० च्या सुमारास केरळातल्या नारळावरच्या रोगापासून झाली, हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागा टिपून. उपग्रह नंतर आले, बागायतदाराची अडचण आधी होती.

ऑक्टोबरची प्रतिमा दाखवताना सांभाळा. माझी एक चूक सांगतो. पहिल्यांदा ह्या प्रतिमा बघत होतो तेव्हा दिंडोरी भागातले ठिपके फिकट पडलेले पाहून मी वहीत लिहिलं, "बागा वाळल्या, कारण शोधा." कारण घरात भावानेच सांगितलं: छाटणी. फळछाटणी झाली की वेल काही दिवस उघडा असतो, पुढे फुटवा येतो. एप्रिलच्या खरड छाटणीलाही तेच. ज्याला छाटणीचं वेळापत्रक माहीत नाही त्याला उपग्रह खोटी बातमी देतो, म्हणून प्रत्येक प्रतिमेखाली तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि शेजारी त्या आठवड्यात शेतात काय चाललं होतं ते एका ओळीत.

मग वेळेचा हिशोब. रिसोर्ससॅट सकाळी साडेदहाच्या सुमाराला आपल्यावरून जातो. लिस-३ त्याच जागी २४ दिवसांनी परत येतो, दोन उपग्रह चालू असले तर साधारण निम्म्या दिवसांत. एविफ्सचा पट्टा ७४० किलोमीटर रुंद, म्हणून तो पाच दिवसांत फिरतो. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या जोडीचं उदाहरणही ठेवा, दहा मीटर आणि पाच दिवस, कारण नाशिकमधले बरेच तरुण तेच वापरतात आणि ते बोलून दाखवतात. तुलना टाळली तर आढावा उत्सव होतो. आणि जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबकवर साडेदहाला काय दिसतं, हे मला वेगळं सांगायला नको. ढग. खरिपाच्या कांद्याची लागवड मोजायची ती नेमकी तेव्हाच.

म्हणून रडारचं पान वेगळं तयार करा, ह्यावर निदान दहा मिनिटं द्या. रडार स्वतःच लहर सोडतं आणि तिचा परतावा मोजतं, त्यामुळे ढग आणि रात्र दोन्ही आडवे येत नाहीत. २६ एप्रिल २०१२ चा रिसॅट-१, १४ फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार, ज्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची दोन रडारं एकत्र बसवलीत, छत्रीसारखी बारा मीटरची जाळीदार अँटेना आहे आणि जो बारा दिवसांनी त्याच जागी परत येतो. एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची, ती पानांच्या पसाऱ्यातून खाली बरीच आत जाते. रडारची प्रतिमा करडी आणि खरखरीत दिसते, तिथे टाळ्या पडत नाहीत. तरी दाखवा. पावसाळ्यातली गोदावरी त्यात काळी, शांत पट्टी म्हणून दिसते, ती सगळे ओळखतात.

अपयशाचं पान लपवू नका. २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात आयआरएस-१ई गेला. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्हीच्या क्रायोजेनिक टप्प्यात बिघाड होऊन ईओएस-०३ गेला. तो भूस्थिर कक्षेत बसून देशावर सतत नजर ठेवणार होता, त्यामुळे ही हानी नुसत्या एका उपग्रहाची नव्हती. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात ईओएस-०२ योग्य कक्षेत पोचला नाही. १८ मे २०२५ ला पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यात दाब घटला आणि ईओएस-०९ गेला, तोही रडारवाला. ह्याच्याच शेजारी वयाचा रकाना लिहा: रिसोर्ससॅट-२ कक्षेत गेला २० एप्रिल २०११ ला, ठरलेलं आयुष्य पाच वर्षं. रिसोर्ससॅट-२ए कक्षेत गेला ७ डिसेंबर २०१६ ला. त्यांची पुढची पिढी अजून जमिनीवर आहे. माझं मत विचाराल तर गेल्या काही वर्षांच्या आढाव्यात सगळ्यांत काळजीची ओळ ही आहे, फसलेल्या उड्डाणांची नाही. रॉकेट फसलं की पेपरात छापून येतं. जुना उपग्रह थकला की कुणाला कळतही नाही, फक्त प्रतिमा विरळ होत जातात.

हवामानाचे उपग्रह थोडक्यात आटपा. इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ चा इन्सॅट-३डीएस, अर्ध्या तासाला एक चित्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती असते तेव्हा आपले बागायतदार रात्री मोबाइलवर हेच बघत बसतात. त्यांना तुम्ही नवीन काही सांगणार नाही, उलट तेच तुम्हाला दोन गोष्टी सांगतील. ऐका.

सभेच्या आधीच्या एका रविवारी गंगापूर धरणावर जाऊन या. हातात छापील प्रतिमा, मोबाइलमध्ये जीपीएस. पाण्याची कड प्रतिमेत कुठे आहे आणि पायाखाली कुठे आहे, दहा ठिकाणी टिपा. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांच्या गाळाचा अभ्यास उपग्रहाच्या प्रतिमांवरून होतो, त्याची पद्धत समजून घ्या: पाणी उतरत जातं तसतशी वेगवेगळ्या तारखांची पाण्याची व्याप्ती प्रतिमेवरून मोजायची, त्या दिवशीची पातळी धरणावरून घ्यायची, आणि जुन्या क्षमतेशी ताडून पाहायचं. होडीतून फिरून खोली मोजण्यापेक्षा स्वस्त आणि लवकर. ज्यांना पडताळणी म्हणजे काय हे कळत नाही त्यांना रामकुंडावर न्या. पूर आला की पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं हे नाशिककर विचारतो ना, तेच. वरून कितीही चांगलं दिसलं तरी खाली एक मारुती लागतो.

प्रश्नांची चिठ्ठी आधीच लिहून ठेवा. कांद्याचा येणारच. २०१४ साली सुरू झालेल्या बागायती पिकांच्या 'चमन' प्रकल्पात फळं-भाज्यांबरोबर कांद्याचंही क्षेत्र उपग्रहावरून काढायला घेतलं होतं. उन्हाळ कांदा सोपा, आकाश स्वच्छ असतं. खरीप आणि रांगडा अवघड. लासलगावचा माणूस विचारेल की हा अंदाज लिलावाच्या आधी येतो की नंतर, आणि आला तर आम्हाला का सांगत नाहीत. ह्याला गोल उत्तर देऊ नका. प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या, आढाव्यात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या. दुसरा प्रश्न पंचनाम्याचा: २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटो टाकतो, मग वरून पाहिलेलं आणि खालून टाकलेलं जुळवतं कोण? तुम्हाला तलाठ्याशी बोलून जेवढं कळेल तेवढं बोला.

राहिलं सभागृह. एक्स्टेन्शन बोर्ड आपला न्या. प्रोजेक्टरवर लाल रंग गुलाबी होतो, म्हणून निफाडची एक प्रतिमा मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा, शेजारी सुतळीला पेन बांधा. लोक आपापला गट नंबर शोधून खूण करतील, आणि ती गर्दी तुमच्या भाषणापेक्षा मोठी असेल, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. छपाई मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी करू नका. मागच्या वेळी दुकानदाराची लाल शाई अर्ध्यात संपली होती, आणि चांदवडपासून खालचा सगळा तालुका पिवळा निघाला.