‘वरून फोन आलाय’: कॉलेजातलं व्याख्यान रद्द करायला सांगितलं तर

व्याख्यानं, नाटकं रद्द होतात ती बहुतेकदा तोंडी. प्राचार्य म्हणतात, ‘वरून फोन आलाय, बघा काय ते.’ त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल टाका: ‘आज दुपारी कार्यक्रम रद्द करण्याची तोंडी सूचना मिळाली. लेखी आदेश मिळावा, तोवर तयारी चालू ठेवतो.’ एवढंच, वाद नको. पुष्कळदा आदेश येतच नाही, कारण सही कुणालाच करायची नसते.

परवानगीच्या अर्जावर आवक शिक्का घ्या, नाहीतर ‘परवानगी मागितलीच नव्हती’ म्हणून हात झटकले जातात. समन्वयक म्हणून सही कायमस्वरूपी नेमणूक असलेल्या प्राध्यापकाची हवी. तासिका तत्त्वावरच्या (तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या) शिक्षकाने सही केली, तर त्याला कुणी काढत नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावत नाहीत इतकंच. आदेशच नाही, तर अपील कशावर करणार?

निदर्शनांची धमकी असेल तर पोलीस ठाण्यात बंदोबस्तासाठी पत्र द्या. कधीकधी नोटीस उलट आयोजकांनाच मिळते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६८). ती ताकीद असते, बंदी नव्हे. पत्रात रंगराजन विरुद्ध जगजीवन राम (१९८९) हा निकाल जरूर घाला: निदर्शनांच्या धमकीपायी अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलंय.

कार्यक्रम रद्द झालाच, तर माहिती अधिकारात ‘का रद्द केला?’ असं विचारू नका. उत्तर टोलवलं जातं. त्या तारखांचा पत्रव्यवहार, टिपण्या आणि आवक-जावक नोंदवहीच्या पानांच्या प्रती मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

पुस्तकावर गदा आली तर रस्ता वेगळा. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. हे अधिकार वापरले की त्याची कारणं संबंधित मंडळाला लेखी कळवावी लागतात. अभ्यासमंडळाच्या किंवा विद्यापरिषदेच्या सदस्याने हा कारणांचा कागद बैठकीत मागावा आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

कारणे दाखवा नोटीस आली तर आधी तक्रारीची प्रत मागा, मग मुद्देनिहाय उत्तर द्या. ‘भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ हे वाक्य मात्र टाळा. चौकशीत तेच कबुली म्हणून वाचलं जातं. सेवासमाप्तीपर्यंत गेलंच, तर आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करायचं असतं. आदेश टपालाने आला असेल तर लिफाफा फेकू नका, आदेश कधी हाती पडला हे दाखवायला त्यावरचा शिक्का कामी येतो.