ड्यू लिस्टवरचं बाळ कुठं गेलं? नव्या एएनएमसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) कोर्स झाला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मी नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात कंत्राटावर रुजू झाले. वाटलं होतं, सुई टोचायला हात बसला की काम जमलं. हात महिन्याभरात बसतो. डाव्या दंडावर बीसीजी (क्षयाची लस), डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोकोकल लस), हे झोपेतही सांगता येतं. अवघड असतं ते ड्यू लिस्टवरचं, म्हणजे डोसची वेळ झालेल्यांच्या यादीतलं, मूल शोधणं.

माझ्याकडे तुर्भ्याची, दगडखाणींकडची वस्ती होती. कुणी बीड-परभणीकडचं, कुणी कलबुर्गीचं. आमचं लसीकरणाचं सेशन दहाला सुरू व्हायचं आणि आया आठलाच नाक्यावर गेलेल्या. बाळ आजीकडे. आजी म्हणणार, "सून आल्याबगर न्हाई टोचायचं." तिचंही चूक नाही, पेंटानंतर ताप आला तर रात्री जागायचं कुणी? म्हणून ताप येऊ शकतो हे टोचायच्या आधी सांगा, नंतर नाही.

पहिल्याच पावसाळ्यात एका मुलीच्या नावापुढे मी "गावी गेले" असं लिहून टाकलं. शेजारीण म्हणाली, मी लिहिलं. दीड महिन्यानं आमच्या आशाताईंना (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका) तिची आई नळावर भेटली. घर फक्त दोन गल्ल्या पलीकडे हललं होतं! पोरीचा दहा आठवड्यांचा डोस माझ्या त्या दोन शब्दांमुळे राहिला. (डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिला तिथून पुढे, मध्ये किमान चार आठवडे. हे आयांना आवर्जून सांगा, "आता काय उपयोग" म्हणून कित्येकजणी फिरकतच नाहीत.)

तेव्हापासून रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं लिहायची सवय लागली: घराची खूण, गाव-तालुका, परत कधी. "पेरणीला गेली, पोळ्यानंतर येणार" ही नोंद तारखेपेक्षा खरी निघते. नवऱ्याचा नंबर बदलतो, त्यामुळे जवळच्या किराणावाल्याचाही घ्या.

उलटंही होतं. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन कर्नाटकातलं तायी कार्ड (तिथलं माता-बाल कार्ड) दाखवते. कानडी येत नाही म्हणून कार्ड बाजूला ठेवू नका, तारखा बघा, कळेना तर कुणाकडून वाचून घ्या. कार्डच नसेल तर दंड बघा, पण व्रण नाही म्हणजे बीसीजी दिलीच नाही असं धरू नका.

व्हॅक्सिन कॅरिअरबद्दल, म्हणजे लसी थंड ठेवून न्यायच्या डब्याबद्दल, थोडक्यात. आइसपॅक हलवून आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायचे. घाईत तसेच कडक भरले तर पेंटा गोठून वाया जाते. एमआर (गोवर-रुबेलाची लस) कालवल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. पण एकच मूल आलं म्हणून वायल (लसीची बाटली) न फोडता परत पाठवू नका. वाया जाण्यावरून बोलणी बसतील, बसू देत. 2022 मध्ये गोवर मुंबईत आणि भिवंडीत कसा पसरला ते सगळ्यांनी पाहिलंय.

आया पैशांचंही विचारतीलच. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतचे डोस झाल्यावर. हे कळलं की आजीही कार्ड शोधायला लागते! गरोदर बायकांना दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीची आठवण करा. जोखमीची केस असेल तर वाशीच्या पालिका रुग्णालयाची नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही, आशाताई सोबत गेल्या तरच ती बाई तिथपर्यंत पोचते.

पहिला आठवडा रजिस्टर न घेता आशाताईंच्या मागे फिरा. आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते आधी विचारून घ्या. ड्यू लिस्टवरच्या निम्म्या आया तिथेच हंडे घेऊन उभ्या असतात.