ऑन्टारिओत नगरसेवकपदावरून प्रांतिक विधिमंडळाकडे जाताना

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात राजकारण करू इच्छिणाऱ्याने सुरुवात शहराच्या सभागृहापासून करावी, असे माझे मत आहे. कारण तेथील महापालिका निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते आणि ज्याला कोणत्याही पक्षाने अद्याप विचारलेले नाही, त्यालाही प्रभागातील ओळखीच्या बळावर निवडून येता येते.

ही निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होते. उमेदवार 18 वर्षे पूर्ण केलेला कॅनडाचा नागरिक असावा लागतो, आणि तो त्या शहरात राहणारा किंवा तेथील जागेचा मालक वा भाडेकरू असला तरी चालतो. अर्ज शहराच्या क्लर्ककडे भरावा लागतो. शुल्क नगरसेवकपदासाठी 100 डॉलर, महापौरपदासाठी 200 डॉलर. अगदी लहान गावे वगळता अर्जासोबत 25 मतदारांच्या सह्या लागतात. त्या 35 तरी गोळा कराव्यात, कारण सही करणारा त्या शहराचा मतदार नाही असे ऐनवेळी निघाले, तर पुन्हा दारोदार फिरण्याइतका वेळ हाताशी नसतो.

खरी परीक्षा हिशेबाची असते. अर्ज दाखल होण्यापूर्वी देणगी घेता येत नाही आणि प्रचारावर खर्चही करता येत नाही. कंपन्या आणि कामगार संघटनांची देणगी तर मुळीच चालत नाही. निवडणुकीनंतरच्या मार्चमधील शेवटच्या शुक्रवारपर्यंत हिशेब सादर करावा. तो चुकवल्यास विलंब शुल्क भरून आणखी 30 दिवस मिळतात, पण तेही दवडणाऱ्याचे जिंकलेले पद जाते.

विधिमंडळाच्या 124 जागांची लढत मात्र पक्षांची असते. तेथे आधी पक्षांतर्गत उमेदवारी जिंकावी लागते, म्हणून नगरसेवक असतानाच मतदारसंघातील पक्षसदस्यांशी संबंध जोडावेत. नगरसेवकपद न सोडता ही निवडणूक लढवता येते. निवडून आल्यावर ते पद रिक्त होते.

ही वाट उलटही चालते. जिम वॉटसन ओटावाचे महापौर होते, 2003 मध्ये आमदार झाले, पुढे महापालिका व्यवहारमंत्री झाले आणि 2010 मध्ये पुन्हा महापौर झाले. अँड्रिया हॉरवाथ हॅमिल्टनच्या नगरसेविका, मग 2004 पासून आमदार, आणि 2022 मध्ये त्याच शहराच्या महापौर. परतू इच्छिणाऱ्या आमदाराने महापालिकेच्या अर्जाची मुदत संपण्यापूर्वी राजीनामा द्यावा. प्रांताची सत्ता किती मोठी आहे, हे त्याला ठाऊकच असते: 2018 मध्ये निवडणूक सुरू असतानाच प्रांताने टोरोंटोच्या सभागृहातील नियोजित 47 जागा 25 वर आणल्या, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.