निकालपत्रावर भाष्य लिहिण्यापूर्वी

न्यायालयीन घडामोडींवर लिहिणाऱ्याने पहिली शिस्त स्वतःला लावून घ्यावी ती ही, की निकालपत्र वाचल्याशिवाय निकालावर लिहायचे नाही. ५ मे २०२१ रोजी ‘मराठा आरक्षण रद्द’ ही बातमी खरीच होती, परंतु तेवढ्यावर भाष्य उभे राहत नव्हते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे अनेक प्रश्न होते आणि सर्वांवर मते सारखी पडली नव्हती. इंद्रा साहनी खटल्यात एकूण आरक्षणावर घातलेल्या ५० टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवण्याची गरज नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. १०२ व्या घटनादुरुस्तीने मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार गेला का, या प्रश्नावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली, आणि पीठाचे अध्यक्ष असलेले न्या. अशोक भूषण तेथे अल्पमतात होते. म्हणजे केवळ त्यांचे निकालपत्र वाचून कोणी लेख लिहिला असता, तर या मुद्द्यावर त्याने अल्पमतच न्यायालयाचे मत म्हणून छापले असते. म्हणून मुद्द्यांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे कोणते न्यायमूर्ती कोणत्या बाजूला हे लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

त्यानंतर प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. याच वादात २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा मराठा आरक्षण कायदा वैध ठरवला, मात्र १६ टक्क्यांऐवजी शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्के आरक्षण समर्थनीय मानले. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अंतरिम स्थगिती देऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले. अंतरिम आदेशाला ‘निकाल’ म्हणू नये आणि सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलेल्या प्रश्नाला ‘न्यायालयाचे मत’ म्हणू नये. विशेष अनुमती याचिका (अपील करण्याची परवानगी मागणारी सर्वोच्च न्यायालयातील याचिका) कारणे न देता फेटाळली गेली, तर त्यावरून उच्च न्यायालयाच्या मतावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले असाही अर्थ निघत नाही, जरी बातमीचा मथळा बहुधा तसाच असतो.

निकालपत्राचे मराठी भाषांतर समजण्यासाठी उपयोगी पडते, परंतु अवतरणाचा अर्थ लावताना मूळ इंग्रजी परिच्छेद पाहावा आणि त्याचा क्रमांक लेखात द्यावा.

टीका करण्यास संकोचू नये. अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरील वाजवी टीका हा अवमान ठरत नाही, असे न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ सांगते. न्यायमूर्तींच्या हेतूंबद्दल तर्क लढवणे हा मात्र वेगळा प्रकार आहे आणि तो टाळावा. युक्तिवाद कोठे लंगडा पडतो ते दाखवणे अधिक परिणामकारक असते. लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणांत पीडितेचे नावच नव्हे, तर गाव, शाळा, नाते असे ओळख पटवणारे तपशीलही गाळावेत, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

जुना लेखही वेळोवेळी तपासावा. २०२१ च्याच ऑगस्टमध्ये १०५ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना आपली मागास वर्गांची यादी करण्याचा अधिकार पुन्हा स्पष्टपणे दिला. त्यामुळे मे महिन्यात लिहिलेल्या लेखाच्या माथ्यावर ही नोंद तारखेसह जोडावी, मूळ मजकूर मात्र गुपचूप बदलू नये.